लायनरला भोक पाडणारे बुडबुडे

डिझेल इंजिन पूर्ण उघडलं आणि लायनर ओढून बाहेर काढले, की कधी कधी त्यांच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, बारीक पण खोल छिद्रांची एक उभी रांग दिसते. बाकीचा लायनर बराचसा साफ असतो. त्या रांगेतलं एखादं छिद्र आरपार गेलेलं असतं आणि पुढचा सगळा घोळ तेवढ्यानेच झालेला असतो. रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, तिथून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल दुधाळ होतं, त्याचा वंगणाचा गुण जातो, बेअरिंग उडतं आणि क्रँकवर ओरखडे येतात. गॅरेजमध्ये याचं निदान बहुतेक वेळा एका वाक्यात होतं: पाण्याने गंजलं. हे निदान अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच ते महाग पडतं. साधा गंज पाणी लागेल तिथे सगळीकडे चढतो. ही छिद्रं मात्र जागा निवडतात. क्रँकशाफ्टला काटकोनात, पिस्टन ज्या बाजूला जोराने दाबला जातो त्या बाजूला ती जास्त असतात आणि तिच्या बरोबर समोर थोडी कमी. म्हणजे कारण नुसत्या पाण्यात नाही, पिस्टनच्या हालचालीतही आहे. इलाज मात्र पाण्यातच आहे, आणि तो पाण्यात नेमका किती मिसळलाय हे मोजल्याशिवाय कळत नाही. कुलंटकडे रंग बघून भरायची वस्तू म्हणून न पाहता ऑइलसारखं मोजून सांभाळायचं द्रव्य म्हणून पाहिलं, तर ही छिद्रं बहुतांशी टळतात.

मोठ्या ट्रकच्या, जनरेटरच्या आणि बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनांत वेट लायनर असतात. वेट लायनर म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेली बिडाची नळी. तिच्या आतून पिस्टन घासत जातो आणि बाहेरून थेट कुलंट खेळतं. मध्ये दुसरी भिंत नाही. ही रचना सोयीची आहे, कारण लायनर झिजला की तेवढाच बदलता येतो, ब्लॉक वाचतो. पण नळी तुलनेने पातळ असते आणि तिला वर-खालीच आधार असतो. डिझेल इंजिनात हवा १६-१८ पट दाबली जाते, मग डिझेल पेटतं, आणि त्याच सुमाराला कनेक्टिंग रॉडचा कल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बदलतो. त्यामुळे पिस्टन एका भिंतीवरून सुटून समोरच्या भिंतीवर आदळतो. या धक्क्याने लायनर थरथरतो. ही थरथर डोळ्यांना दिसणारी नाही, पण तिचा वेग प्रचंड असतो. भिंत क्षणभर आत सरकते तेव्हा तिला चिकटलेल्या कुलंटमधला दाब इतका उतरतो की ते द्रव तिथल्या तिथे उकळून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी भिंत बाहेर येते, दाब परततो आणि बुडबुडे मिटतात. धोका या मिटण्यात आहे. भिंतीलगतचा बुडबुडा गोल राहून मिटत नाही. त्याची एक बाजू आत धसते आणि द्रवाची बारीक धार वेगाने भिंतीवर बसते.

पाण्याचा बुडबुडा लोखंडाला काय करणार, ही शंका रास्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडमधले जहाजबांधणी करणारे अभियंतेही याच प्रश्नापाशी अडखळले होते. वाफेच्या टर्बाइनवर चालणारं पहिलं जहाज ‘टर्बिनिया’ चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये बांधलं, तेव्हा यंत्रात ताकद असूनही जहाजाला अपेक्षित वेग येईना, कारण पंख्याच्या पात्यांभोवती अशाच पोकळ्या तयार होत होत्या. त्या डोळ्यांनी पाहता याव्यात म्हणून पार्सन्स यांनी पाण्याचं एक छोटं परीक्षणयंत्र बनवलं, पंख्यांची रचना बदलली, आणि १८९७ मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ भल्याभल्या नौकांच्या पुढून निघून गेली. पण जहाजांच्या पंख्यांवर खड्डे का पडतात हे कोडं पुढेही राहिलं. १९१७ मध्ये लॉर्ड रेले यांनी त्याचं गणित मांडलं. द्रवातली रिकामी पोकळी मिटत मिटत मूळ त्रिज्येच्या विसाव्या हिश्शापर्यंत आली, की तिच्या लगतच्या द्रवातला दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे १२६० पट होतो, असं ते गणित सांगतं. बुडबुडा केसाच्या जाडीहून लहान असला तरी हा दाब ज्या ठिपक्यावर पडतो तो ठिपकाही तेवढाच लहान असतो. सततच्या माऱ्याने बिडाचा कण निघतो, तिथे खड्डा होतो, आणि पुढचे बुडबुडे त्याच खड्ड्यात जास्त सहज धरतात. म्हणून छिद्र पसरत नाही, खोल जातं.

हा मारा किती वेळा होतो याचा हिशेब कुणालाही करता येईल. आपल्याकडचा साधा जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर पेटतो, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५ हजार वेळा. २५० तासांत हा आकडा १ कोटी १२ लाख ५० हजारांवर जातो. आणि हे केवळ पेटण्याचे धक्के. एका धक्क्यानंतर लायनर किती वेळा थरथरतो हे यात धरलेलंच नाही. एवढ्या माऱ्यापुढे नुसत्या धातूच्या कणखरपणावर विसंबून भागत नाही.

इथे कुलंटमधल्या रसायनाचं काम सुरू होतं. या कामासाठी सर्वांत जुनं आणि खात्रीचं द्रव्य म्हणजे नायट्राइट, बहुधा सोडियम नायट्राइट. ते लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, घट्ट थर धरतं. हा थर बुडबुडे थांबवत नाही. बुडबुडे होतच राहतात, मिटतच राहतात, पण त्यांचा घाव बिडावर न बसता थरावर बसतो. थराचा कण उडतो आणि तापलेल्या दुधावरची साय मोडली की जशी पुन्हा धरते, तसा तो नायट्राइट शिल्लक असेपर्यंत पुन्हा धरतो. ‘शिल्लक असेपर्यंत’ ही अट महत्त्वाची आहे. प्रत्येक दुरुस्तीत थोडं नायट्राइट खर्च होतं. शिवाय हवेशी संबंध आला की, किंवा हेड गॅस्केटमधून जळका वायू कुलंटमध्ये झिरपला की, त्याचं नायट्रेट होतं, आणि लायनर वाचवण्यात नायट्रेटचा उपयोग नाही. म्हणूनच कुलंटमध्ये वेगळं घालायचं पूरक द्रव्य बाजारात आलं. त्यात नायट्राइटच्या जोडीला बऱ्याचदा मॉलिब्डेट असतं, आम्लता वाढू नये म्हणून बोरेट किंवा फॉस्फेट असतं, तांबं-पितळ सांभाळणारं द्रव्य असतं, क्षार बसू न देणारं आणि फेस मारणारंही असतं. काही इंजिनांत ते बाटलीतून घालतात, काहींत कुलंट फिल्टरमध्येच भरलेलं येतं. जड डिझेल इंजिनांसाठी तयार मिळणाऱ्या कुलंटचं अमेरिकी मानक एएसटीएम डी-६२१० हे निम्म्या पाण्याच्या मिश्रणात दशलक्ष भागांमागे किमान १२०० भाग नायट्राइट मागतं. नाही तर नायट्राइट आणि मॉलिब्डेट मिळून किमान ७८०, त्यात प्रत्येकी किमान ३००. मोटारींच्या साध्या कुलंटचं मानक वेगळं आहे. मोटारीचं कुलंट ट्रकला चालतं हा समज इथेच तुटतो.

या प्रकरणाचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरने फोर्डच्या पिकअपसाठी १९८३ पासून ६.९ लिटरचं डिझेल इंजिन दिलं. पुढे १९८८ मध्ये ते ७.३ लिटरचं झालं आणि त्यासाठी सिलिंडरचा व्यास १०१.६ मिलिमीटरवरून सुमारे १०४.४ मिलिमीटरवर नेला गेला. व्यास वाढला तशी सिलिंडर आणि पाण्याच्या मधली भिंत पातळ झाली. या इंजिनात वेट लायनर नाहीत, सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले आहेत. तरीही छिद्रं पडली, आणि तिथे ती जास्त जाचक ठरली, कारण बदलायला सुटा लायनरच नव्हता. ब्लॉक घासून आत नवी स्लीव्ह बसवणं किंवा ब्लॉकच बदलणं एवढाच मार्ग उरला. या इंजिनांसाठी कुलंटमध्ये पूरक द्रव्य घालत राहण्याची सूचना होती. ज्यांनी ती पाळली त्यांची इंजिनं लाखो मैल धावली, म्हणून आज ती टिकाऊपणासाठी ओळखली जातात. ज्यांनी रेडिएटरमध्ये मोटारीचं हिरवं अँटिफ्रीझ किंवा नळाचं पाणी भरलं, त्यांना तेच इंजिन दुबळं वाटलं.

आपल्याकडे पहिला आक्षेप हवामानाचा असतो. महाराष्ट्रात रेडिएटर गोठत नाही, मग महागडं अँटिफ्रीझ कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. निम्मं इथिलीन ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि या गुणाचा विदर्भात किंवा कोकणात काही उपयोग नाही. उत्कलनबिंदू थोडा वर जातो, तेवढा लाभ उन्हाळ्यात मिळतो. पण लायनर वाचवतो तो ग्लायकॉल नव्हे, त्यातलं संरक्षक द्रव्य. याला भारतीय रेल्वेच्या डिझेल लोकोमोटिव्हसारखा दुसरा पुरावा नाही. ही प्रचंड इंजिनं वर्षानुवर्षं ग्लायकॉलशिवाय, पाण्यावर थंड केली गेली. मात्र ते पाणी साधं नसायचं. क्षार काढलेल्या पाण्यात बोरेट-नायट्राइटसारखं संरक्षक द्रव्य मोजून घातलं जायचं आणि शेडच्या प्रयोगशाळेत त्याचं प्रमाण तपासलं जायचं. त्याआधी जगभर या कामाला क्रोमेट वापरत. ते लोखंडाला उत्तम राखतं, पण माणसाला कर्करोगकारक असल्यामुळे मागे पडलं. थोडक्यात, ज्यांना गोठण्याची भीती नव्हती त्यांनीही औषध सोडलं नाही.

दुसरा आक्षेप अनुभवातून येतो, म्हणून त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवं. जुनी इंजिनं विहिरीच्या पाण्यावर वीस-वीस वर्षं चालली, असं अनेक फिटर सांगतात, आणि ते खोटं सांगत नाहीत. ती इंजिनं आकाराच्या मानाने कमी ताकद द्यायची, त्यांचा वेग कमी असायचा, भिंती जाड असायच्या. आज तेवढ्याच लोखंडातून टर्बो लावून कितीतरी जास्त ताकद काढली जाते. सिलिंडरमधला दाब वाढला, धक्का वाढला, भिंत मात्र जाड झाली नाही. जुन्या काळाची दुसरी एक सवय आजही टिकून आहे आणि तिचं नुकसान फारसं कुणी बोलत नाही: इंजिन तापतंय म्हटलं की थर्मोस्टॅट काढून टाकायचा. त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, पिस्टन पुरेसा फुगत नाही, पिस्टन आणि लायनरमधली फट मोठी राहते आणि आदळणं वाढतं. त्यातच रेडिएटरच्या टोपणाचं रबर गेलेलं असेल तर यंत्रणेतला दाब टिकत नाही, आणि कमी दाबात बुडबुडे जास्त सहज धरतात. म्हणजे थर्मोस्टॅट आणि टोपण या दोन स्वस्त वस्तू जागेवर ठेवणं हेही लायनरचंच संरक्षण आहे. द्रव्य कितीही चांगलं घातलं तरी या दोन्हींची जागा ते भरून काढत नाही.

मग पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. तापलेल्या लायनरवर त्याचा पांढरा थर चढतो. बिडाच्या तुलनेत हा थर उष्णता कैक पटींनी कमी वाहतो, त्यामुळे कुलंट थंड दिसत असताना आतला धातू भाजत राहतो. शिवाय हे क्षार फॉस्फेट आणि सिलिकेटशी संयोग करून त्यांना गाळात बसवतात, म्हणजे पैसे देऊन घातलेलं संरक्षक द्रव्य रेडिएटरच्या तळाशी चिखल होऊन पडतं. डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरा असं जे सांगतात ते यासाठीच. वरून भरण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. २० लिटरच्या यंत्रणेतून होज पाइपच्या जोडातून २ लिटर गळलं आणि साधं पाणी भरलं, तर संरक्षक द्रव्य १० टक्क्यांनी उतरतं. असं पाच वेळा झालं की मूळच्या फक्त ५९ टक्के उरतं, म्हणजे १२०० भाग असलेलं नायट्राइट ७०० च्या आसपास येतं. रंग तोपर्यंत बऱ्यापैकी टिकलेला असतो आणि पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. वाफ होऊन पाणी कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा द्रव्य मागेच राहतं आणि शुद्ध पाणी भरलेलं चालतं. म्हणून पातळी उतरली की आधी ती गळून उतरली की उडून, हे शोधायला हवं.

इतकं वाचून कुणाला वाटेल, की दर महिन्याला बाटली ओतली की झालं. हा मोह धोक्याचा आहे. प्रमाणाबाहेर घातलेलं द्रव्य विरघळून राहत नाही, त्याचा गाळ किंवा जेलीसारखा लगदा होतो. तो रेडिएटरच्या नळ्या तुंबवतो, वॉटर पंपाच्या सीलवर खडे जमवतो आणि पंप गळू लागतो. जास्त नायट्राइट जुन्या रेडिएटरमधला कथलाचा सांधाही खातं. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये त्याची अमोनियाकडे जाणारी रासायनिक क्रिया होऊ शकते आणि कुलंटचा अल्कलीपणा वाढून ॲल्युमिनियमच धोक्यात येतं. याहून मोठा गोंधळ वेगवेगळ्या घराण्यांच्या कुलंटचा आहे. अमेरिकी परंपरा नायट्राइटवर उभी राहिली. युरोपात नायट्राइट टाळलं गेलं आणि जड पाण्यामुळे फॉस्फेटही, तिथे सेंद्रिय आम्लांच्या क्षारांवर आणि सिलिकेटवर भर आहे. जपानी कारखाने फॉस्फेट पसंत करतात आणि सिलिकेट टाळतात. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आणि शेतांत या तिन्ही परंपरांची इंजिनं शेजारी शेजारी चालतात, आणि दुकानातल्या कॅनचा हिरवा, लाल, निळा रंग यातलं काहीच खात्रीने सांगत नाही. रंगाला सर्वमान्य नियम नाही. दोन घराणी एकत्र केली तर दोन्हींचं संरक्षण पातळ होतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला मानकाचा क्रमांक आणि कॅनवरचा क्रमांक जुळवणं एवढाच भरवशाचा मार्ग आहे.

याच ठिकाणी नव्या पिढीच्या कुलंटचा प्रश्न येतो. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली दीर्घायुषी कुलंटं लायनरचं संरक्षण वेगळ्या रीतीने करतात आणि त्यांतलं द्रव्य फार हळू खर्च होतं. त्यांना वेगळी बाटली लागत नाही, हा त्यांच्या उत्पादकांचा दावा योग्य आहे. ज्या इंजिनाला असं कुलंट मान्य आहे आणि ज्यात पहिल्यापासून तेच भरलंय, त्यात जुन्या पद्धतीचं पूरक द्रव्य घालूच नये. पण यावरून तपासणीची गरज संपली असं ठरत नाही. रस्त्यात कुठेतरी साधं पाणी किंवा परकं कुलंट मिसळलं गेलं की दीर्घायुष्याचा करार तिथेच मोडतो. इथे एक सापळाही आहे. नायट्राइट मोजणारी कागदी पट्टी नायट्राइटविरहित कुलंटमध्ये बुडवली तर शून्यच दाखवणार. ते शून्य पाहून भाबडेपणाने बाटली ओतणारा चांगल्या कुलंटची नासाडी करतो. आधी आत काय आहे हे ठाऊक हवं, मग त्याला लागू पडणारी पट्टी.

खर्चाचा आक्षेप सर्वांत सोपा वाटतो, पण तो सर्वांत जास्त अडवतो, कारण कुलंटचा खर्च आज दिसतो आणि छिद्र दोन-तीन वर्षांनी. तुलना मात्र कॅनची लायनरशी करून भागत नाही. लायनर-पिस्टनचा संच, रिंगा, बेअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, ऑइल, मजुरी, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बंद पडलेले दिवस. उसाच्या गाळप हंगामात ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला तर त्या शेतकऱ्याची वाहतुकीची कमाई परत येत नाही. रुग्णालयाचा जनरेटर ऐन वेळी बसला तर त्याचं मोल पैशात करायलाच नको. जनरेटर महिनोन्‌महिने उभा असतो म्हणून त्याचं कुलंट ताजं राहतं, असंही नाही. काळाबरोबर ग्लायकॉलचं आम्ल होतं आणि उभ्या इंजिनातही संरक्षण उतरतं. चालू तास कमी भरले तरी वर्षं मोजावीच लागतात.

कुलंट काढताना काळजीची एक बाब उरते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं विष आहे. जनावरं ते चाटतात. गटारात, ओढ्यात किंवा गोठ्याशेजारी ते ओतणं हा अपराध समजायला हवा. ते झाकणबंद डब्यात साठवून टाकाऊ रसायनं गोळा करणाऱ्यांकडे सोपवायचं. ते पिण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये.

हे सगळं करायला प्रयोगशाळा लागत नाही. पट्टीने मिनिटभरात नायट्राइट आणि आम्लता कळते, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवला की ग्लायकॉलचं प्रमाण कळतं. मोठा ताफा बाळगणाऱ्याने जुन्या ऑइलची तपासणी करून घेतली तर ऑइल दुधाळ दिसण्याच्या आधीच त्यातलं वाढलेलं सोडियम-पोटॅशियम कुलंट झिरपल्याची खूण देतं. खरी उणीव नोंदीची आहे. सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर ऑइल आणि फिल्टर बदलल्याची तारीख असते, कुलंटपुढे मात्र बहुधा एक बरोबरची खूण असते. त्या खुणेच्या जागी चार नोंदी हव्यात: कुलंट कोणत्या मानकाचं, कधी भरलं, पट्टीने काय दाखवलं आणि मागच्या खेपेपासून वरून किती लिटर काय भरलं. इंजिन नव्याने बांधून देणाऱ्या फिटरने रेडिएटरच्या टोपणाशेजारी मानकाचा क्रमांक रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे हायवेवरच्या ढाब्यावर गाडी थांबवून पातळी बघणाऱ्या ड्रायव्हरलाही तो वाचता येईल.